प्रकल्प नोंदी: साधा युजर लॉगिन करतो आणि सर्व्हर बसतो

काम: पतसंस्थेचा मध्यवर्ती डेटाबेस सर्व्हर, मुख्य कार्यालय लालबाग. डेटाबेस सॉफ्टवेअर पोस्टग्रेस १४, ऑपरेटिंग सिस्टीम अल्मालिनक्स ८. लालबाग, दादर, गिरगाव, भांडुप आणि मुलुंड शाखांच्या काउंटरवर जुना डेस्कटॉप प्रोग्राम चालतो. तो मधल्या कुठल्याही ॲप सर्व्हरशिवाय थेट डेटाबेसला लागतो, आणि प्रत्येक कारकुनाचा डेटाबेसमध्ये स्वतःचा युजर आहे. हे खालचं सगळं वाचताना लक्षात असू द्यावं.

शनिवार, ५ जुलै २०२५ (रात्री)

पॅचिंग. उद्या आषाढी एकादशी, शिवाय रविवार म्हणजे मेगाब्लॉक, म्हणून आजच रात्री उरकलं. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आणि जीलिबसी (प्रोग्राम वापरतात ती सी भाषेची मूळ लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच) दोन्ही अपडेट. मशीन रीबूट, पोस्टग्रेस व्यवस्थित वर आलं. सर्व्हरवरच पोस्टग्रेस युजरने (डेटाबेसचा ॲडमिन, म्हणजे सुपरयुजर) आत जाऊन खातेवहीची बेरीज, आजच्या पावत्यांची संख्या, वॉल फायली (डेटाबेसमधल्या बदलांची आगाऊ नोंद) दुसऱ्या मशीनवर जातायत का, हे पाहिलं. सगळं ठीक.

सोमवार, ७ जुलै

१०:०५. दादरहून फोन: "साहेब, पासवर्ड टाकला की लटकतंय." मागोमाग मुलुंड, मग गिरगाव. काउंटर उघडायची वेळ, पिग्मी एजंट रांगेत.

१०:१५. सर्व्हरवर आत गेलो तर काहीच तक्रार नाही. क्वेरी चालतायत, डिस्कवर जागा आहे, मेमरी मुबलक. आणि बघता बघता माझंच सेशन तुटलं. दुसऱ्या एका सर्व्हर प्रोसेसने मान टाकल्यामुळे तुमचं कनेक्शन बंद करतोय, शेअर्ड मेमरी बिघडली असण्याची शक्यता आहे, अशा अर्थाची ती ओळखीची वॉर्निंग. लॉगमध्ये: सर्व्हर प्रोसेस सिग्नल ११ ने संपली, सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावला म्हणून. मग रिकव्हरी, मग पुन्हा चालू, मग पुन्हा तेच.

नवीन आलेल्या मुलांसाठी लिहून ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये एका कनेक्शनची एक प्रोसेस, पण शेअर्ड मेमरी सगळ्यांची एकच. एक प्रोसेस सिग्नल खाऊन मेली की मुख्य पोस्टमास्टर तिच्यावर विश्वास ठेवत नाही. बाकी सगळ्या प्रोसेस मारतो, मेमरी नव्याने मांडतो आणि वॉलमधून रिकव्हरी करतो. म्हणून दादरला कोणी लॉगिन केलं की मुलुंडचं चालू काम तुटतं. दादरच्या मॅडम फोनवर वैतागल्या होत्या: "अहो, मी लॉगिन केलं की मुलुंडवाल्यांचं पडतं म्हणे. मी काय केलं त्यांचं?" काही नाही केलं मॅडम, पण तूर्त हात लावू नका.

१०:३०. सर्व शाखांना सांगितलं की पुढचा निरोप येईपर्यंत कोणीही लॉगिन करायचं नाही, पावत्या हाताने लिहा. सर्व्हर लगेच शांत झाला. म्हणजे पडण्याचा संबंध लॉगिनशीच.

१०:४०. मॅनेजर साहेबांचा पहिला प्रश्न पैशांचाच: छापलेल्या पावत्या गेल्या का? नाही. आपला प्रोग्राम व्यवहार कमिट (म्हणजे पक्का) झाल्यावरच पावती छापतो, आणि कमिट झालेलं वॉलमध्ये असतं, ते रिकव्हरीत परत येतं. अर्धवट राहिलेलं रोलबॅक होतं, म्हणजे रद्द. तरीही लालबागच्या काउंटरवरच्या स्थळप्रती घेऊन आजच्या पावत्या वहीशी एकेक ताडून पाहिल्या. जुळल्या.

११:००. आता तर्कवितर्क. ऑफिसात एव्हाना सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "ॲडमिन आत जातो, साधा युजर गेला की पडतं." त्यावरून ज्याने त्याने आपापलं घोडं दामटलं.

मेमरी संपली असेल, हा पहिला अंदाज. पण मेमरी संपल्यावर कर्नल प्रोसेस मारतो तो सिग्नल ९ ने. इथे ११ आहे. बाद.

कनेक्शन संपली असतील आणि सुपरयुजरसाठी राखीव असलेली तेवढी उरली असतील? राखीव तीन असतात हे खरं, पण तसं झालं तर साध्या युजरला नकार मिळतो, सर्व्हर पडत नाही. बाद.

मायएसक्यूएलवरून आलेल्या सहकाऱ्याचा अंदाज चांगला होता. तिकडे इनिट-कनेक्ट नावाची सेटिंग असते, लॉगिन झाल्यावर त्यातली आज्ञा आपोआप चालते, पण सुपर अधिकारवाल्यांसाठी ती चालतच नाही. त्यात काही चुकलं की फक्त साध्या युजरची पंचाईत होते, ॲडमिनला पत्ताही लागत नाही. चित्र हुबेहूब हेच. पण पोस्टग्रेसमध्ये लॉगिनवर चालणारा ट्रिगर आला तो १७ व्या आवृत्तीत, आपण १४ वर. युजरनिहाय लावलेल्या सेटिंगही पाहिल्या, टाइमझोन आणि स्कीमा सोडून काही नाही.

११:३०. कर्नलच्या लॉगमधली ओळ: पोस्टग्रेस, सेगफॉल्ट, पत्ता ०, एरर ४, फाइल जीलिबसी २.२८. ही ओळ सपोर्टवाल्यांना पाठवली आणि पाच मिनिटांत उत्तर आलं की जीलिबसीचा पॅच मागे घ्या. ज्याच्या दारात प्रेत सापडलं तोच खुनी, असा हा न्याय. ओळ नीट वाचली तर वेगळंच दिसतं. पत्ता ० म्हणजे कोणीतरी रिकामा पॉइंटर (मेमरीतल्या कुठल्याच जागेकडे बोट न दाखवणारा पत्ता) हातात घेऊन तिथलं वाचायला गेलं. एरर ४ म्हणजे युजर मोडमधलं वाचन, जिथे पानच नाही तिथे. जीलिबसीच्या एखाद्या फंक्शनला कोणी रिकामा पॉइंटर दिला तर ते तिथेच कोसळणार, पॅच असो वा नसो. देणारा कोण, ते शोधायला हवं. शिवाय पॅच मागे घ्यायचा म्हणजे आणखी एक रीबूट, आणि खरं कारण पुन्हा झाकलं जाणार. साहेबांना सांगितलं, दुपारपर्यंत वेळ द्या. त्यांनी दिला, तोंड वाकडं करून का होईना.

(जीलिबसी २.२८ चं नाव काढलं की अनेकांना इंडेक्स बिघडल्याची आठवण येते. ती भानगड २.२८ च्या आधीच्या आवृत्तीवरून वर येताना अक्षरांचा क्रम बदलल्यामुळे होते. आपण अल्मा ८ वर पहिल्यापासून २.२८ वरच आहोत, शनिवारचा पॅच त्यातलाच किरकोळ. पत्ता ० वर आपटण्याशी त्याचा संबंध नाही.)

१२:१५. एका सहकाऱ्याला त्याच्या सायनच्या फ्लॅटवरून व्हीपीएनने पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला जोडून देणारा साधा प्रोग्राम) लावून पाहायला सांगितलं. तो म्हणाला, पासवर्ड विचारला, मी टाकला, तर सर्व्हर रिकव्हरीत आहे असं उत्तर. लॉगच्या वेळा जुळवल्या तर सर्व्हर पडला होता तो पासवर्ड टाइप करायच्या आधी! पीएसक्यूएल आधी पासवर्डशिवाय टकटक करतं, सर्व्हरने पासवर्ड मागितला की ते कनेक्शन सोडून देतं आणि मग आपल्याला विचारतं. म्हणजे ती नुसती टकटकच पुरेशी होती. आत न शिरलेला माणूस सर्व्हर पाडतोय, तर मग "साधा युजर" या शब्दाला अर्थ काय राहिला?

१२:४०. इथून गाडी रुळावर आली. आपण ॲडमिन म्हणून जातो ते सर्व्हरवरूनच, युनिक्स सॉकेटने (मशीनच्या आतल्या आतली वाट), पीअर पद्धतीने (पासवर्डऐवजी मशीनवरचा युजर पाहून). कारकून जातात ते नेटवर्कवरून, टीसीपीने. अधिकार आणि वाट या दोन्ही गोष्टी एकदमच बदलतायत आणि आपण सकाळपासून फक्त अधिकारांकडे पाहतोय. उलटसुलट करून पाहिलं. गिरगावच्या एका कारकुनाचा युजर, सर्व्हरवरून सॉकेटने: आत गेला, काही नाही. पोस्टग्रेस सुपरयुजर, त्याच मशीनवरून पण १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःचाच पत्ता) वर टीसीपीने: सर्व्हर जमिनीवर.

सुपरयुजरनेही पडतो, फक्त वाट टीसीपीची हवी.

१:१५. कनेक्शनचे लॉग चालूच असतात. पडण्याच्या वेळच्या ओळी: कनेक्शन आलं, ओळख पटली, आणि पुढे काहीच नाही. "अधिकृत" ही तिसरी ओळ येतच नाही. "ओळख पटली" ही ओळ १४ व्या आवृत्तीपासूनच येते, जुन्या आवृत्तीवर असतो तर हा दुवा मिळाला नसता. पासवर्ड तपासून झाल्यावर आणि युजर आत घेण्याआधी पोस्टग्रेस बाहेरच्या लायब्ररीला एक संधी देतं, ऑथेंटिकेशन हुक म्हणतात तो. पासवर्ड चुकला किंवा समोरच्याने कनेक्शन सोडलं, तरी हुक चालतो. म्हणून ती टकटक पुरेशी.

सुरुवातीला लोड होणाऱ्या लायब्ररींच्या यादीत दोनच नावं: क्वेरींची आकडेवारी ठेवणारी नेहमीची, आणि "लॉगिन रजिस्टर". ही दुसरी लेखापरीक्षकांच्या मागणीवरून पूर्वीच्या कंत्राटदाराने सी भाषेत लिहून दिलेली. कोण, कधी, कुठल्या काउंटरवरून आत आला, याची फाइल बनवते.

१:३०. काढण्याआधी पुरावा हवा. सिस्टीमडीत (सर्व्हिस चालवणारा लिनक्सचा प्रोग्राम) या सर्व्हिसच्या कोअर फाइलची (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) मर्यादा शून्य होती, ती उघडली, पोस्टग्रेस रीस्टार्ट केलं आणि एकदा मुद्दाम टीसीपीने टकटक केली. कोअर फाइल मिळाली.

१:४०. यादीतून रजिस्टर काढलं, पुन्हा रीस्टार्ट. १२७.०.०.१ वरून आत गेलो, ठीक. भांडुपला सांगितलं, एकाच काउंटरने लॉगिन करा. झालं. मग दादर, मग सगळे. तोपर्यंत हाताने लिहिलेल्या पावत्या तीनच्या आत चढवून झाल्या, पिग्मीचं अपलोडही वेळेवर.

रजिस्टर नाही तोवर पोस्टग्रेसचा स्वतःचा कनेक्शन लॉग रोज रात्री वेगळा जपून ठेवायचा, असं लेखापरीक्षकांना कळवलं. त्यांची हरकत नाही.

मंगळवार, ८ जुलै

कोअर फाइल डीबगरमध्ये उघडली. सर्वांत वर स्ट्रिंगची लांबी मोजणारं जीलिबसीचं फंक्शन, त्याखाली रजिस्टरचं, त्याखाली पोस्टग्रेसचं क्लायंट ऑथेंटिकेशन. सपोर्टवाल्यांना पुढे पाठवलं. उत्तर नाही.

पण एक प्रश्न मोकळाच होता. लायब्ररी कित्येक महिने तीच आहे, मग कालच का? पॅचने तिला हात लावलेला नाही.

उत्तर लॉगमध्ये डोळ्यांसमोर होतं. शुक्रवारच्या लॉगमध्ये कनेक्शनच्या ओळीत काउंटरची नावं: दादर-३, मुलुंड-१ वगैरे. सोमवारच्या लॉगमध्ये नुसते आयपी. नावं गायब. लॉगसाठी पोस्टग्रेस आलेल्या आयपीवरून डीएनएसला (मशीनची नावं आणि आयपी यांची यादी) उलटं विचारून नाव शोधतं ते लॉग-होस्टनेम ही सेटिंग चालू असेल तरच. ती बंद आढळली. कुठून आली ते सेटिंगच्या व्ह्यूमध्येच लिहिलेलं असतं: ऑटो कॉन्फ फाइलमधून, म्हणजे कोणीतरी आल्टर सिस्टीम (सेटिंग त्या फाइलमध्ये लिहिणारी आज्ञा) चालवलंय. त्या फाइलची तारीख १७ जून.

बदलांच्या वहीत १७ जूनची नोंद सापडली. त्या दिवशी डीएनएस सर्व्हर आजारी होता, प्रत्येक लॉगिनला उलट्या चौकशीचा टाइमआउट लागत होता, काउंटर उघडायला दहा-दहा सेकंद. उपाय म्हणून ही सेटिंग बंद करायची ठरली. आल्टर सिस्टीमने ती फाइलमध्ये गेली, पण रीलोड (चालू सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावणं) करायच्या आतच डीएनएस दुरुस्त झाला आणि विषय तिथेच राहिला. चालू सर्व्हर जुनीच किंमत धरून होता. शनिवारच्या रीबूटने फाइल वाचली. रीलोडने बदल झाला असता तर "अमुक पॅरामीटर बदलला" अशी ओळ लॉगमध्ये पडली असती, रीस्टार्टमध्ये ती पडत नाही. म्हणून कोणाच्या नजरेत आलं नाही. पॅच बिचारा फुकट बदनाम.

रजिस्टरचा सोर्स टेस्ट सर्व्हरवर एका जुन्या होम फोल्डरमध्ये मिळाला, १४ साठी कंपाइल केला तेव्हाचा. नाव नसलं की रजिस्टर रिकामा पॉइंटर वाचायला जातं, हा तर्क बरोबर निघाला. पोस्टग्रेसच्या पोर्ट स्ट्रक्चरमध्ये (एका कनेक्शनची माहिती ठेवणारा साचा) दोन वेगळे रकाने आहेत. एक रिमोट-होस्ट, ज्यात नाव किंवा आयपी काहीतरी नक्की असतं. दुसरा रिमोट-होस्टनेम, ज्यात नाव कळलं असेल तरच नाव, नाहीतर रिकामा पॉइंटर. कोड सरळ दुसऱ्याची लांबी मोजतो. सॉकेटने आलेल्याला मात्र सुरुवातीलाच "स्थानिक आहे, नोंद नको" म्हणून सोडून देतो. म्हणून आपण ॲडमिन लोक सुखात.

आणखी एक दोष दिसला. होस्टचं नाव ६४ बाइटच्या बफरमध्ये लांबी न तपासता कॉपी होतं. युजरचं नाव ६३ च्या पुढे जात नाही, ते पोस्टग्रेस स्वतःच कापतं. पण डीएनएसमधलं पूर्ण नाव अडीचशेच्या घरात जाऊ शकतं. आपली काउंटरची नावं आखूड म्हणून आजवर निभावलं.

दुपारी जुने लॉग चाळताना मार्चमधली एक घटना हाती लागली. तेव्हाही सिग्नल ११, एकदाच, कारण अज्ञात म्हणून तिकीट बंद. त्या सेकंदाच्या ओळीत सगळीकडे नावं आणि एकाच कनेक्शनला नुसता आयपी. पाहुण्या लॅपटॉपचा पत्ता, डीएनएसमध्ये उलटी नोंदच नाही. सेटिंग चालू असतानाही नाव सापडलं नाही तर पॉइंटर रिकामाच राहतो. म्हणजे सेटिंग परत चालू करणं हा उपाय नव्हे, नोंद नसलेलं पहिलं मशीन आलं की पुन्हा तेच.

साहेबांना वेगळं सांगावं लागलं की हा फक्त बिघाड नाही. शाखांच्या नेटवर्कवरच्या कुठल्याही मशीनने, युजर आणि पासवर्ड ठाऊक नसतानाही, हा सर्व्हर हवा तेव्हा पाडता आला असता. फक्त एचबीए फाइल (कोणी कुठून लागायचं याचे नियम) ज्यांना दारातूनच परत पाठवते, त्यांच्यासाठी हुकपर्यंत वेळ येत नाही. त्या फाइलमध्ये आपण शाखांच्या अख्ख्या आयपी रेंज दिल्यायत. त्या आवळायला घेतल्या.

बुधवार, ९ जुलै

टेस्ट सर्व्हरवर सगळं तसंच मांडलं: जुनी लायब्ररी, लॉग-होस्टनेम बंद. आणि पडतच नाही! हे अडीच-तीन तास खाणारं प्रकरण निघालं. काल एवढ्या छातीठोकपणे साहेबांना समजावलं आणि आज टेस्टवर लायब्ररी मजेत चालतेय.

कारण एचबीए फाइलमध्ये. टेस्टवर वरच्याच ओळीत डेव्हलपरची मशीन आयपीऐवजी नावाने दिली आहेत. ओळ नावाची असली की पोस्टग्रेसला ती जुळते का हे पाहण्यासाठी उलटी चौकशी करावीच लागते, लॉग-होस्टनेम काहीही असो, आणि सापडलेलं नाव त्याच रकान्यात बसतं. डेटाबेस आणि युजर जुळतात का हे त्यानंतर पाहिलं जातं, त्यामुळे ती ओळ आपल्यासाठी नसली तरी नाव भरलं जातं. ती ओळ काढली, रीलोड केलं, पहिल्याच टकटकीला सिग्नल ११. इतका आनंद सेगफॉल्ट पाहून कधी झाला नव्हता.

गुरुवार, १० जुलै

कोड दुरुस्त. नाव रिकामं असेल तर आयपी लिहायचा. कॉपी करताना लांबीची मर्यादा. सॉकेटवाल्यांचीही नोंद आता होईल, ॲडमिनला सूट कशाला?

टेस्टवर तपासलं: टीसीपी आणि सॉकेट, उलटी नोंद असलेलं मशीन आणि नसलेलं, बरोबर पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, पासवर्ड न देता सोडलेलं कनेक्शन, अस्तित्वात नसलेला युजर, डीएनएस पूर्ण बंद. मुद्दाम शंभराहून जास्त अक्षरांचं होस्टनेमही देऊन पाहिलं. सगळं टिकलं. सोर्स आता गिटमध्ये आहे.

शनिवार, १२ जुलै (रात्री)

नवीन लायब्ररी चढवली. चालू सर्व्हरवर जुन्या फाइलवरच कॉपी करू नये. त्याच फाइलचं पोट बदलतं, आणि जी प्रोसेस ती मेमरीत धरून बसलेली असते ती कोसळू शकते. इन्स्टॉल आज्ञा जुनी फाइल काढून नवीन ठेवते, म्हणून तीच वापरली. मग यादीत नाव परत आणि रीस्टार्ट.

लॉग-होस्टनेम बंदच ठेवायचं ठरवलं. काउंटरचं नाव हवं असेल तर आयपीवरून रात्री रिपोर्ट काढताना शोधता येतं. त्यासाठी प्रत्येक लॉगिन डीएनएसच्या तोंडाकडे बघत उभं राहायला नको.

तपासणी या वेळी सॉकेटने नव्हे. लालबागच्या तळमजल्यावरच्या काउंटरवर बसून, कारकुनाच्या युजरने, टीसीपीने. वॉचमन काकांनी विचारलं, एवढ्या रात्री पावती कोणाची फाडताय?

पॅचिंगच्या चेकलिस्टमध्ये दोन ओळी वाढवल्या. रीस्टार्टच्या आधी, फाइलमध्ये लिहिलेल्या आणि चालू असलेल्या सेटिंगमधला फरक काढून पाहायचा, त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये फाइल-सेटिंगचा तयार व्ह्यू आहे. आणि रीस्टार्टनंतर किमान एका शाखेच्या मशीनवरून साध्या युजरने लॉगिन.

सोमवार, १४ जुलै

सकाळी दहाला सगळ्या शाखा आत, काही नाही. रजिस्टर भरतंय. भांडुपच्या नव्या मशीनला डीएनएसमध्ये उलटी नोंद नाही, रजिस्टरमध्ये तिचा आयपी नीट उमटलाय. नेटवर्कवाल्यांना नोंद करायला सांगितलं आहे.

शिल्लक काम: ही लायब्ररी ठेवायचीच का. १४ च्या कनेक्शन लॉगमधून तोच तक्ता निघतो, आणि आठवडाभर आपण लेखापरीक्षकांना तोच दिला. काढावी असं माझं मत मी लेखी दिलंय. ऑगस्टच्या बैठकीत विषय ठेवला आहे.